तिच्या सहीचं घर

ठाण्यात कोलशेतला आमचं घर आहे. तळमजला आणि वर एक मजला, एवढंच. त्याचा नकाशा मी काढला, पण त्यावर सही माझी नाही. महापालिकेत नकाशे सादर करायचा परवाना माझ्याकडे नव्हता, आजही नाही. ती सही माझ्या मैत्रिणीची आहे. आणि ती मिळवताना मी तिच्याशी कशी वागले, ते सांगायला मला बरीच वर्षं लागली.

आम्ही दोघींनी कल्याणजवळच्या आयटीआयमध्ये एकाच वर्षी ड्राफ्ट्समनचा कोर्स केला. ड्राफ्ट्समन म्हणजे नकाशे काढणारा. बाईसाठी निराळा शब्द नव्हता, सर्टिफिकेटवरही 'ड्राफ्ट्समन' असंच लिहून आलं. वर्गात मुली आम्ही दोघीच. पुढे टेंभी नाक्याजवळच्या एका आर्किटेक्टच्या ऑफिसात दोघी एकाच आठवड्यात लागलो आणि एका लांब टेबलाच्या दोन टोकांना बसायला लागलो.

तेव्हा सगळं काम हाताने व्हायचं. ट्रेसिंग पेपर, शाईची पेनं, आणि चूक झाली की ब्लेडने हळूच शाई खरवडायची. माझा हात स्थिर होता. माझं अक्षर तर छापल्यासारखं. गिऱ्हाईक आलं की सर माझी शीट उचलून दाखवायचे, "बघा, आमच्याकडे काम कसं होतं बघा." तिची रेघ मात्र थरथरायची. कोपऱ्यात शाई फुटायची. ती माझ्याकडे शीट सरकवायची आणि मी तिच्या चुका खरवडून द्यायचे.

ती दिवा स्टेशनजवळ राहायची. पाच माणसं, एक खोली, तिसरा मजला. त्या इमारतीला परवानगी होती की नव्हती हे तिथे राहणाऱ्या कोणालाच ठाऊक नव्हतं. पाणी एक दिवसाआड, ते पण येईल तेव्हा. संध्याकाळी निघताना ती ऑफिसच्या फिल्टरवर दोन बाटल्या भरून घ्यायची. मी डब्यात तिच्यासाठी म्हणून जास्तीची भाजी आणायचे, दिवाळीला तिच्या धाकट्या भावाला कपडे दिलेले. ती मनापासून घ्यायची, उगाच नाही नाही करायची नाही. मला ते फार आवडायचं. देणारी मी आणि घेणारी ती, ही मांडणी मला इतकी आवडायची की ती कधी बदलेल असं माझ्या डोक्यातही आलं नाही.

माझं लग्न झालं त्या वर्षी ती दोन फॉर्म घेऊन आली. संध्याकाळच्या डिप्लोमाचे, सिव्हिल इंजिनीअरिंगचे. नोकरी करून चार वर्षांत होतो म्हणाली.

"एक तुझा, एक माझा. दोघी जाऊ. परत येताना सोबत होईल."

"सासूबाईंना नाही आवडायचं गं," मी म्हटलं. "आत्ताच तर लग्न झालंय."

सासूबाईंना मी विचारलं नव्हतं. कधीच विचारलं नाही. खरं कारण असं की मला गणिताची भीती वाटायची, आणि माझं तर छानच चाललं होतं. सर मला शाबासकी देत होते, घरी नवरा चांगला होता, मला कशाला हवी होती पायपीट. तो फॉर्म माझ्या टेबलाच्या खणात वर्षभर पडून होता. मग त्यावर मी पेनं पुसायला लागले.

तिने डिप्लोमा केला. मध्ये एकदा नापास झाली, पुन्हा बसली. ऑफिसात दुपारी सगळे जेवून वामकुक्षी करायचे तेव्हा ती तुळयांची गणितं सोडवायची. मी म्हणायचे, "अगं, डोळे जातील तुझे." माझ्या आवाजात काळजी असायची, पण आतून मला ते वही-पुस्तक टेबलावर बघवायचं नाही. पुढे अनुभवाची वर्षं भरली आणि तिला परवाना मिळाला. आता ती स्वतःच्या नावाने लोकांचे नकाशे मंजुरीसाठी देऊ शकत होती. सरांनी स्वतः पेढे वाटले. त्या दिवशी मी एका बंगल्याच्या नकाशात जिन्याचा बाण उलटा काढला. वर जायच्या ठिकाणी खाली. सरांनी पकडलं. "आज लक्ष कुठे आहे?" म्हणाले. मी म्हटलं, डोकं दुखतंय.

तिने डोंबिवलीत एक छोटा गाळा घेतला. बाहेर पाटी लागली, तिचं नाव, खाली परवान्याचा नंबर. मी उद्‌घाटनाला गेले, तिला साडी दिली, आणि येताना रिक्षात माझ्या नवऱ्याला सांगितलं की गाळ्यात उजेड नाही.

त्यानंतरची वर्षं मी जे करत होते ते सांगायला लाज वाटते. कधी आमच्या ऑफिसात तिच्या सहीचा एखादा नकाशा आला, शेजारच्या प्लॉटचा वगैरे, की मी तो आधी माझ्या टेबलावर घ्यायचे आणि त्यात चुका शोधायचे. एखाद्या खिडकीचं माप लिहायचं राहिलंय का. मोकळ्या जागेचा हिरवा रंग रेघेबाहेर गेलाय का. काही सापडलं की सरांना दाखवायचे. सर चष्म्यावरून बघायचे आणि म्हणायचे, "असू दे ना. मंजूर झालाय तो." तिचा नकाशा मंजूर झालाय हेच तर मला खुपत होतं. एखादी बाई पहिल्यापासून आपल्या पुढे असेल तर माणूस मान वर करून बघतो आणि सोडून देतो. पण जिची शाई आपण खरवडली, तिच्याकडे मान वर करून बघायचं म्हणजे मानेला फार दुखतं.

आम्ही भेटायचो, बोलायचो. गणपतीला ती आमच्याकडे यायची, सासूबाईंच्या शेजारी बसून मोदकांना कळ्या पाडायची. तिच्या कळ्या नीट पडायच्या नाहीत आणि सासूबाईंना त्याचंच कौतुक. मी फक्त तिच्या कामाबद्दल विचारायचे नाही. ती सांगायला लागली की मी चहा ठेवायला उठायचे.

मग आमच्या घराचं निघालं.

सासरे कोलशेतच्या एका केमिकल कंपनीत कामाला होते. त्यांनी आणि बरोबरच्या कामगारांनी मिळून खाडीच्या बाजूला जमीन घेतलेली आणि आपसात प्लॉट पाडलेले. आमच्या वाट्याला दोन गुंठे. त्यावर कौलारू बैठं घर. सासरे गेले, कौलं गळायला लागली, चहूकडे पंचवीस-तीस मजले उभे राहिले आणि मध्ये आमचं घर खड्ड्यात बसल्यासारखं दिसायला लागलं. नवरा एका कंपनीत स्टोअरकीपर होता, निवृत्तीला आलेला. तो म्हणाला, "आता बांधूनच टाकू."

सत्तावीस वर्षं मी दुसऱ्यांची घरं काढली. आपलं घर काढायला बसले तेव्हा हात शिवशिवत होते. त्या घरात मला एक जिना हवा होता. घराच्या पुढच्या बाजूला, रुंद, आणि अर्ध्यावर एवढी ऐसपैस जागा की तिथे खिडकीत बैठक करून बसता येईल, खाडीकडचा वारा येईल. तो जिना मी आधी पेन्सिलीने कागदावर काढला, मग कॉम्प्युटरवर. बाकीच्या खोल्या त्या जिन्याभोवती बसवल्या.

सही कोणाची घ्यायची हा प्रश्न होता. सर थकले होते, ऑफिस मुलगा बघत होता आणि तो फक्त टॉवर करायचा. आमच्या दोन गुंठ्यांकडे तो ढुंकून बघणार नव्हता. मी इतर दोघांची नावं काढली. नवरा म्हणाला, "तुझी मैत्रीण आहे की."

"ती फार बिझी असते."

सासूबाई तांदूळ निवडत होत्या. त्या म्हणाल्या, "अगं, घरचं माणूस असताना बाहेर कशाला जाता? ती करेल आपुलकीनं."

म्हणून मी तिच्याकडे गेले. गाळ्यात आता दोन कॉम्प्युटर होते आणि उजेड भरपूर होता. तिला खरंच आनंद झाला. "तुझं घर? दे, दे, बघू." तिने टेबल मोकळं केलं आणि मी शीट पसरली. ती बराच वेळ बघत राहिली. मी तिच्या तोंडाकडे बघत होते.

"जिना सुंदर झालाय," ती म्हणाली. मग थोडं थांबून, "रस्त्याची रेषा कुठून घेतलीस?"

मी शीटवर ती शोधायला लागले. तिने शहराच्या विकास आराखड्यातला आमच्या भागाचा तुकडा कॉम्प्युटरवर उघडला. आमच्या समोरचा रस्ता रुंद होणार होता. प्लॉटची पुढची एक पट्टी त्यात जात होती. घर तेवढं मागे घ्यावं लागणार होतं, आणि माझा जिना बरोबर त्या पट्टीत उभा होता. कोणाचाही प्लॉट आला की पहिली रेघ ही काढायची, हे आमच्या धंद्यातलं अगदी बालवाडीचं. नवीन पोरींना ते मीच शिकवत आले. आणि स्वतःच्या घराला विसरले.

"होतं गं," ती म्हणाली. "घरचं काम करताना आपण इंजिनीअर राहत नाही."

ती टोचून बोलली असती तर मला सोपं गेलं असतं. ती समजून घेत बोलली. पूर्वी मी तिची शाई खरवडताना जशी बोलायचे, अगदी तशी.

आठ दिवसांत तिने नकाशा सुधारून पाठवला. घर मागे सरकलेलं. जिना आत, मागच्या भिंतीला लागून, अर्ध्यावर वळायला लागते तेवढीच जागा. मला खोट काढता येईना कारण सगळं बरोबर होतं. सासूबाईंची खोली मी वर ठेवली होती, हवेशीर म्हणून. तिने ती खाली आणली, बाथरूमला लागून. नवऱ्याने आईला कागदावर बोट ठेवून दाखवलं.

"तिने माझा विचार केला बघ," सासूबाई म्हणाल्या. "मला कुठे आता जिने चढवतात."

पंचवीस वर्षं मी त्या बाईबरोबर राहत होते. तिचे गुडघे दुखतात हे मला रोज दिसत होतं. पण नकाशा काढताना मला आठवला तो माझा वारा.

मग मी मनाशी एक गोष्ट रचली. तिचं डोंबिवलीतलं घर दोन खोल्यांचं, इमारतीत. स्वतःच्या जमिनीवर, स्वतःच्या अंगणात घर होतंय ते माझं. तिला ते सहन होत नाहीये, म्हणून ती माझं घर लहान करतेय. रस्ता काय, कधी रुंद होईल कोण जाणे. दहा वर्षं होणारही नाही. ही गोष्ट मला इतकी बरी वाटली की मी ती रोज थोडी थोडी घोटत राहिले. जळतेय ती, असं म्हटलं की मला गार वाटायचं.

परवानगीचा अर्ज आता ऑनलाइन जातो. जागेचे कागद, मोजणीचा नकाशा, कराची पावती, सासूबाईंचं संमतीपत्र, सगळं स्कॅन करून घालायचं आणि शेवटी नकाशाची फाईल. ती इंजिनीअरच्या खात्यातून जाते आणि जाताना त्याच्या मोबाईलवर ओटीपी येतो. ओटीपी दिला की सही झाली असं धरतात. एका रविवारी अर्ज भरायचा ठरला. मी सकाळीच डोंबिवलीला गेले. पण तिचं कल्याणला एका साइटवर स्लॅबचं काम निघालं.

"तू कागद लाव सगळे," ती चप्पल घालता घालता म्हणाली. "फाईल डेस्कटॉपवर आहे. झालं की फोन कर, ओटीपी सांगते."

मी कागद एकेक करून लावले. नीट लावले. शेवटचं नकाशाचं पान उघडलं. तिची फाईल समोर होती. माझी माझ्या पेनड्राइव्हवर होती, तो मी का आणला होता हे तेव्हा मी स्वतःला विचारलं नाही. मी पेनड्राइव्ह लावला, माझी फाईल निवडली आणि तिला फोन केला. तिच्यामागे काँक्रीटच्या मिक्सरचा खडखडाट चालला होता.

"झालं का?"

"ओटीपी आला असेल बघ."

तिने सहा आकडे वाचले. मग आवाजात मला नीट ऐकू आलं नसेल म्हणून पुन्हा एकदा सावकाश वाचले. फाईल कोणती, काय, काही विचारलं नाही. मी बटण दाबलं.

आधी तपासणी कॉम्प्युटर करतो. पण कॉम्प्युटर काढलेलंच मोजतो. जी रेषा काढलीच नाही ती त्याला कशी दिसणार. माझा नकाशा पहिल्या पायरीला पास झाला. घरी येऊन मी सांगितलं, "जिना माझाच ठेवलाय. तिने पण मान्य केलं." नवरा बरं म्हणाला. सासूबाईंनी थोड्या वेळाने विचारलं, "मग माझी खोली परत वर का?" मी म्हटलं, "आई, वर हवा चांगली आहे." त्या गुडघे चोळत उठल्या.

तीनेक आठवड्यांनी महापालिकेचा कनिष्ठ अभियंता जागा बघायला आला. शांत माणूस, हातात टेप आणि नकाशाची प्रिंट. तो आमच्या दारात न येता आधी रस्त्याच्या मध्यावर उभा राहिला. नकाशाकडे बघितलं, विजेच्या खांबाकडे बघितलं, पुन्हा नकाशाकडे.

"मॅडम, रस्तारुंदी दाखवलेली नाही यात."

मी म्हटलं, "राहिली असेल."

"राहत नाही ती. हे काम करणाऱ्याकडून तरी राहत नाही." त्याने नकाशावरचं माझ्या मैत्रिणीचं नाव वाचलं. "या मॅडमचं काम मला माहीत आहे. आश्चर्य वाटतंय."

दोन दिवसांनी तिला नोटीस गेली. माहिती लपवून नकाशा सादर केल्याबद्दल परवाना का स्थगित करू नये, असा मजकूर होता. ती फोन न करता सरळ कोलशेतला आली. पुढच्या खोलीत बसली. सासूबाईंनी कोकम सरबत आणलं. तिने लॅपटॉप उघडला, अर्जात गेलेली फाईल उघडली आणि बघत राहिली. 

"ही माझी फाईल नाही," ती म्हणाली.

नवरा म्हणाला, "म्हणजे?"

ती माझ्याकडे बघत होती. रागाने नाही. एखाद्या भिंतीला चीर दिसली की ती कुठपर्यंत गेलीय हे बघतात, तशी बघत होती.

"चुकून जुनी गेली असेल," मी म्हटलं.

"असेल," ती म्हणाली. लॅपटॉप मिटला. सरबत संपवलं, सासूबाईंना गुडघ्याचं तेल मिळालं का ते विचारलं, आणि गेली.

सुनावणीला मीही गेले. जमीनमालकाच्या बाजूने कोणीतरी लागतं म्हणून. अधिकारी बाई होत्या, आमच्याच वयाच्या. त्यांनी अर्जातला आणि तिने आणलेला, असे दोन्ही नकाशे शेजारी ठेवले.

"परवाना तुमचा, खातं तुमचं. ही फाईल कोणी टाकली?"

मी तोंड उघडलं. खरंच उघडलं. पण ती माझ्याआधी बोलली.

"मी, मॅडम. माझ्याकडून जुनी फाईल गेली. बघायला हवी होती, बघितली नाही. दुरुस्त नकाशा सोबत दिलाय."

"इतक्या वर्षांच्या कामात असं कसं झालं?"

"झालं, मॅडम. चूक माझी आहे."

अधिकारी बाईंनी ताकीद दिली. परवाना राहिला, पण ताकीद नोंदीवर राहणार होती. आम्ही बाहेर आलो. कॉरिडॉरमध्ये लोकांना बसायला बाक होता, त्याच्या एका टोकाला ती बसली. मी उभीच होते.

"बस ना," ती म्हणाली. मी बसले. "का केलंस?"

"मला तो जिना हवा होता."

"जिन्यासाठी केलंस?"

समोरून एक शिपाई फायलींचा गठ्ठा घेऊन गेला. तो जाईपर्यंत मी थांबले.

"नाही," मी म्हटलं. "तुझी सही. माझ्या घरावर तुझी सही मला बघवेना. निदान तिच्याखालचा नकाशा तरी माझा हवा होता."

तिने मान हलवली. तिला हे नवीन नव्हतं असं वाटलं, आणि त्याचं मला जास्त वाईट वाटलं.

"मी तुला फॉर्म आणून दिला होता," ती म्हणाली.

"माहीत आहे."

"तू सासूबाईंचं नाव सांगितलंस. मी त्यांना विचारलेलं नंतर. त्या म्हणाल्या, मला तर काही बोललीच नाही."

मला वाटलं होतं ही गोष्ट जगात मला एकटीलाच ठाऊक आहे. एवढी वर्षं त्या दोघींना ठाऊक होती, आणि दोघींनी मला कधी दाखवलं नव्हतं.

"मी आत जाऊन लिहून देते," मी म्हटलं. "फाईल मी टाकली म्हणून."

"आणि ओटीपी कोणी दिला म्हणून सांगशील? आपलं खातं दुसऱ्याच्या हातात देणं हा त्यापेक्षा मोठा गुन्हा आहे. आत्ता ताकिदीवर निभावलंय, मग परवानाच जाईल माझा." ती उठली, पर्स खांद्याला लावली. "तू गप्प बस. तेवढं कर माझ्यासाठी."

मग जाता जाता म्हणाली, "तुझं काम मी पूर्ण करणार आहे. आईंना शब्द दिलाय. पण ऑफिसला येत जाऊ नकोस आता. कागद लागले तर मी मेसेज करीन."

परवानगी आली. तिच्या नकाशाला, आतल्या जिन्याच्या. सासूबाईंनी प्रिंट काढून आणायला लावली आणि देवापुढे ठेवून हळदकुंकू लावलं. कुंकवाचं बोट नेमकं तिच्या सहीवर उमटलं. मी बघत उभी होते, आणि एवढं सगळं होऊनही आत काहीतरी चरचरलं.

जोतं झाल्यावर ते तपासायला ती आली. तेव्हाही माणूस लागतोच टेपचं दुसरं टोक धरायला. मी धरलं. ती आकडा वाचायची, मी लिहून घ्यायचे. तासभर आम्ही चारी बाजू मोजल्या. किती वर्षांनी एकत्र काम करत होतो, आणि हात आपोआप चालत होते; ती 'ओढ' म्हणायच्या आत मी टेप ताणलेला असायचा. मी वाट बघत होते की ती काहीतरी बोलेल. ती म्हणाली, "उजवीकडे दोन सेंटिमीटर जास्त सुटलंय. चालेल." आणि रिक्षा बघायला निघाली.

ताकिदीचं काय झालं ते मला तिच्याकडून कळलं नाही, जुन्या ऑफिसातल्या एका ओळखीच्या बाईकडून कळलं. वर्षभर महापालिकेत तिची प्रत्येक फाईल जास्त बारकाईने बघत होते. कामं लांबायची. दोन गिऱ्हाइकं सोडून गेली. ती बाई सांगत होती आणि मी आतून तपासत होते की मला कुठे बरं तर वाटत नाहीये ना. थोडं वाटलं. अगदी थोडं, पण वाटलं. त्या दिवशी मला माझीच भीती वाटली.

भोगवटा दाखला मिळाला तसे आम्ही राहायला आलो. वास्तुशांतीला ती येईल असं मला वाटलं नव्हतं. दुपारी, पाहुणे पांगल्यावर आली. जिना चढून वर गेली, खाली आली, "बरं झालंय" म्हणाली. जेवली नाही, आमटी-भाताचा घास खाल्ला फक्त. मग सासूबाईंच्या खोलीत जाऊन बसली. मी स्वयंपाकघरात भांडी आवरत होते आणि पलीकडून दोघींच्या हसण्याचा आवाज येत होता. मी विचार केला होता की एवढी शरम वाटल्यावर हेवा शिल्लक राहणार नाही. तो होता. फक्त आता तो परवान्याचा नव्हता, सहीचा नव्हता. माझ्या घरात बसून ती ज्या मोकळेपणाने हसत होती त्याचा होता. तसं हसायला मला आता कोणाशी येत नव्हतं, आणि पूर्वी जिच्याशी यायचं ती भिंतीपलीकडे होती.

गेल्या वर्षी मी नवऱ्याला सगळं सांगितलं. फॉर्मपासून. तो भाजीची पिशवी रिकामी करत होता. ऐकताना त्याचा हात थांबला. 

"मला अंदाज आला होता," शेवटी म्हणाला. "त्या दिवशी ती 'असेल' म्हणाली तेव्हाच."

"मग बोलला का नाहीत?"

"काय बोलणार? तू रोज त्या जिन्यावरून खाली-वर करत होतीस. मला वाटायचं, आज सांगेल, उद्या सांगेल." त्याने कांदे टोपलीत टाकले. "तिला भेटलीस का परत?"

नव्हते भेटले. दिवाळीला तिचा मेसेज येतो, सगळ्यांना पाठवते तोच. मी उत्तर देते. मध्ये एकदा मी लांबलचक लिहिलं होतं, सगळं, केलेल्या एकेका गोष्टीचं नाव घेऊन, माफी मागून. तिने दुसऱ्या दिवशी लिहिलं, "वाचलं. तब्येत सांभाळ." त्यात राग नव्हता. बोलावणंही नव्हतं.

डोंबिवलीला काही काम निघालं की मी तिच्या गाळ्यासमोरच्या रस्त्याने जाते. आता तिने शेजारचाही गाळा घेतलाय. एकदा काचेतून दिसली. तिच्या टेबलाच्या दुसऱ्या टोकाला एक बाई बसली होती, चाळिशीची असेल, आणि माझी मैत्रीण दोघींमधल्या कागदावर बोट ठेवून काहीतरी समजावून सांगत होती. त्या बाईने मान हलवली, मग दोघी हसल्या. मी पलीकडच्या मेडिकलच्या दुकानात शिरले आणि गरज नसताना सासूबाईंच्या गुडघ्याचं मलम घेतलं.

घरी आले तर सासूबाई विचारतात, "डोंबिवलीला गेलेलीस ना? भेटली का गं ती?"

"नाही, आई. कामात असते ती."

"तिला सांग, एकदा येऊन जा म्हणावं. तुझ्याकडून निरोप पोचत नाही वाटतं." त्यांनी मलम हातात घेतलं, झाकण उघडून वास घेतला. "मीच करते फोन. नंबर लावून दे मला."

मी नंबर लावून दिला आणि फोन त्यांच्या हातात ठेवला. पलीकडून तिचा आवाज आला, "बोला आई," आणि मी दार ओढून घेऊन बाहेर अंगणात गेले.